आधी कारागीर, मग शिपाई

हॅरी पॅच २५ जुलै २००९ रोजी इंग्लंडमधल्या वेल्स या छोट्या शहरात वारले. वय १११ वर्षे. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभे राहून लढलेल्या लक्षावधी माणसांपैकी जगात तेवढे एकच उरले होते. नौदलाच्या विमानशाखेत काम केलेले हेन्री ॲलिंगहॅम सातच दिवस आधी, ११३ व्या वर्षी गेले होते. त्यामुळे पॅच गेल्याचे कळताच वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले, पंतप्रधानांनी आणि युवराजांनी श्रद्धांजली वाहिली आणि ‘शेवटचा शिपाई’ ही ओळख त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

ती ओळख खोटी नाही, अपुरी आहे. पॅच आघाडीवर होते ते १९१७ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत, जेमतेम चार महिने. नळकाम शिकायला ते पंधराव्या वर्षी लागले आणि पासष्टाव्या वर्षी त्यातून निवृत्त झाले. सक्तीच्या लष्करी नोकरीची वर्षे वजा घातली तरी पंचेचाळीसहून अधिक वर्षे हा माणूस नळ टाकत होता, सांधे जोडत होता, पुढे इतरांकडून ते काम नीट करून घेत होता. एकशे अकरा वर्षांच्या आयुष्यातले चार महिने जगाने उचलले आणि बाकीचे त्याच्याच पदरात ठेवले. हे छोटे चरित्र मराठीत लिहिताना मी तो हिशेब उलटा मांडला आहे. पुढची पाने आधी कारागिराची आहेत, मग शिपायाची. असे का केले, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

हॅरीचा जन्म १७ जून १८९८ चा. गाव कूम डाउन, बाथ शहराच्या दक्षिणेकडच्या टेकडीवरचे. बाथमधल्या ज्या मधाळ रंगाच्या घरांची छायाचित्रे आपण पर्यटनाच्या पुस्तकांत पाहतो, त्यांचा दगड या टेकडीच्या पोटातून निघाला. अठराव्या शतकात राल्फ ॲलन या उद्योजकाने इथल्या खाणी मोठ्या प्रमाणावर चालवल्या. खाली दगडाचे खांब राखून बाकीचा दगड कापून न्यायचा, अशी ती पद्धत. पुढे वर वस्ती वाढत गेली आणि खाली पोकळी तशीच राहिली. छप्पर काही ठिकाणी इतके पातळ झाले की एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी खर्चाने त्या खाणी काँक्रीट ओतून भराव्या लागल्या. हॅरीचे वडील दगडकाम करणारे गवंडी. घरात तीन मुलगे, हॅरी धाकटा. दगडाचे गाव, दगडाचे घर, दगडावर पोट. हॅरीने मात्र पंधराव्या वर्षी शाळा सोडल्यावर बाथमध्ये नळकामाची उमेदवारी धरली.

१९१३ सालचे नळकाम आजच्यासारखे नव्हते. आज प्लॅस्टिकच्या नळाला चिकट द्रव लावला, क्षणभर दाबून धरले की काम झाले. त्या वेळी इंग्लंडमध्ये नळ शिशाचे असत, टाक्यांना शिशाचे अस्तर असे, चर्चच्या छपरावरचे पत्रे शिशाचे असत आणि हे सगळे नळकारागिराच्या अखत्यारीत येई. त्याच्या कौशल्याची खरी परीक्षा व्हायची ती सांध्यावर. त्या सांध्याची कृती इथे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढे पॅच यांनी युद्धाबद्दल जे सांगितले आणि ज्या पद्धतीने सांगितले, त्याची मुळे मला या कृतीत दिसतात.

दोन नळांपैकी एकाचे तोंड लाकडी खुंटी ठोकून फुलवायचे. दुसऱ्याचे टोक कानशीने निमुळते करायचे, म्हणजे ते पहिल्यात बसते. जिथे डाख धरायला हवा तेवढाच भाग आकडीसारख्या पात्याने खरवडून चकचकीत करायचा आणि हवेने तो पुन्हा काळवंडू नये म्हणून लगेच त्यावर चरबी चोळायची. त्याच्या दोन्ही बाजूंना काजळी आणि सरस यांचा लेप द्यायचा, म्हणजे डाख हद्द सोडून पसरत नाही. डाख दोन भाग शिसे आणि एक भाग कथील यांचा. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, हा डाख त्याच्या बराच आधी. शिवाय तो एकदम पातळ किंवा एकदम घट्ट होत नाही. साधारण २५० पासून १८३ अंशांपर्यंत उतरताना तो लगद्यासारखा राहतो आणि कारागिराला हवा असतो तो एवढाच अवधी. एका हाताने पळीतून डाख ओतायचा, दुसऱ्या हातात चरबीत भिजवलेल्या जाड कापडाची घडी. त्या घडीने तो लगदा सांध्याभोवती फिरवत, खालून सावरत, गोल गुळगुळीत गाठ तयार करायची. जास्त तापला तर नळच वितळतो. जास्त निवला तर डाख नुसता वर बसतो, आत शिरत नाही. तसा सांधा दिसायला चांगला असतो आणि पाणी सोडले की गळतो.

या कामात फसवाफसवी चालत नाही. जमिनीखाली पुरलेला सांधा पुढची चाळीस वर्षे कोणी पाहणार नसते, पण तो नीट केला की नाही हे पाणी सांगते. पंधरा ते अठरा या वयात हॅरीच्या हाताला हीच शिस्त लागत होती.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्या दिवसांत इंग्लंडमध्ये तरुणांच्या रांगा भरती कार्यालयांपुढे लागल्या. हॅरी त्या रांगेत नव्हता. त्याचा थोरला भाऊ विल्यम आधीपासून फौजेत होता. मॉन्सच्या लढाईत जखमी होऊन तो घरी आला आणि आघाडीवर खरे काय चालते हे त्याने धाकट्याला सांगितले. त्यानंतर हॅरीच्या मनात युद्धाची हौस कधी आली नाही. त्याला कुणाशी लढायचे नव्हते, हे त्याने पुढे स्पष्ट सांगितले. पण जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटनने सक्तीच्या भरतीचा कायदा केला, जूनमध्ये हॅरीला अठरा पूर्ण झाली आणि ऑक्टोबरमध्ये बोलावणे आले. उमेदवारी अर्धवट टाकून तो गेला. भारतातून गेलेल्या शिपायांबद्दल बोलताना आपण त्यांना ‘परक्यांच्या युद्धात’ ओढले गेलेले म्हणतो आणि ते खरेच आहे. कूम डाउनच्या गवंड्याच्या मुलालाही ते युद्ध आपले वाटले नव्हते.

तो ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फंट्रीच्या सातव्या बटालियनमध्ये लुईस मशीनगनच्या तुकडीवर नेमला गेला. लुईस गन साधारण तेरा किलो वजनाची, वर थाळीसारखी फिरती डबी, तिच्यात ४७ गोळ्या. तुकडीत पाच जण. पहिला गोळ्या झाडतो, दुसरा त्याच्या शेजारी सुटे भाग घेऊन बसतो आणि गन अडकली की हाताशी असेल त्या उजेडात ती खोलून पुन्हा चालू करतो. बाकीचे गोळ्यांच्या डब्या वाहतात. हॅरी दुसरा होता. चिखलाने माखलेले यंत्र अंधारात चाचपून दुरुस्त करणे हे काम एका नळकारागिराच्या वाट्याला आले.

बेल्जियममधल्या ईप्र शहराभोवतीची तिसरी लढाई ३१ जुलै १९१७ रोजी सुरू झाली आणि १० नोव्हेंबरपर्यंत चालली. तिला लोक पाशेन्डालची लढाई म्हणून ओळखतात. फ्लँडर्सची ती जमीन सखल, पाण्याचा निचरा मुळातच चरांवर आणि ओढ्यांवर अवलंबून. तोफांच्या माऱ्याने ते चर फुटले आणि ऑगस्टमध्ये पाऊस लागला. पाणी वाहून जायला वाट राहिली नाही. खड्ड्यात पडलेला जखमी माणूस बुडून मरत असे. दोन्ही बाजूंची मिळून काही लाख माणसे या काही कोसांच्या पट्ट्यात मेली किंवा जायबंदी झाली. यापेक्षा जास्त लढाईचा नकाशा मी या पुस्तकात दिलेला नाही. हॅरीला तो कधी दिसला नव्हता. त्याला दिसत होते ते समोरचे दहा-वीस हात.

त्या दहा-वीस हातांतल्या तीन गोष्टी पॅच यांनी म्हातारपणी पुनःपुन्हा सांगितल्या.

पहिल्या दोन १६ ऑगस्टच्या, लांगेमार्कवरच्या हल्ल्याच्या दिवशीच्या. स्टेनबेक नावाचा ओढा ओलांडून बटालियन पुढे सरकत असताना कॉर्नवॉलच्या एका जखमी शिपायाजवळ तो पोचला. धातूच्या तुकड्यांनी त्याचे अंग खांद्यापासून कंबरेपर्यंत फाटले होते आणि तो गोळी घालण्याची विनवणी करत होता. हॅरीने पिस्तूल काढण्याआधीच तो गेला. जाताना त्याच्या तोंडून ‘आई’ एवढाच शब्द आला. त्या हाकेत वेदना नव्हती, अवचित कोणी भेटल्याचे आश्चर्य आणि आनंद होता, असे पॅच सांगत. मृत्यू हा शेवट नाही असे आपल्याला त्या क्षणापासून वाटत आले, हेही ते सांगत. दुसरी गोष्ट एका जर्मन शिपायाची. तो संगीन रोखून अंगावर आला. हॅरीने त्याच्या खांद्यावर गोळी झाडली, बंदूक गळून पडली, तरी तो येतच राहिला. त्याला ठार मारणे सोपे होते. हॅरीने त्याच्या पायांवर, घोट्याच्या आणि गुडघ्याच्या वर गोळ्या झाडून त्याला खाली पाडले. लुईस गनवरच्या पाच जणांनी आपसात ठरवले होते की निभावेल तोवर कुणाचा जीव घ्यायचा नाही, पायांवर नेम धरायचा. वरिष्ठांना कळले असते तर काय झाले असते, हा विचार त्या पाच पोरांनी केला नसेल असे नाही. तरी त्यांनी ते ठरवले. मला या सगळ्या हकीकतीत हा करार सर्वांत मोठा वाटतो.

तिसरी गोष्ट २२ सप्टेंबर १९१७ च्या रात्रीची, साडेदहाच्या सुमाराची. तुकडी आघाडीवरून मागे परतत असताना डोक्यावर तोफगोळा फुटला. पाचांपैकी तिघे गेले. त्यांचे पुरायलासुद्धा काही राहिले नाही. हॅरीच्या ओटीपोटात सुमारे दोन इंचांचा तुकडा घुसला. शुश्रूषा केंद्रात भुलीचे औषध संपले होते. चौघांनी हातपाय धरले आणि डॉक्टरने तुकडा काढला. तिघे मित्र गेल्याचे त्याला नंतर कळले. तो इंग्लंडला परत आला, बरा होत राहिला, युद्ध संपले तेव्हाही तो सैन्यातच पण मायदेशी होता. आजारपणाच्या काळात भेटलेल्या एडा बिलिंग्टनशी त्याने १९१९ मध्ये लग्न केले.

इथून पुढे ऐंशी वर्षे शांतता आहे. ती शांतता लोकांना गूढ वाटते, आणि बहुतेक लेखक १९१७ वरून थेट १९९८ वर उडी मारतात. मला ही उडी मान्य नाही.

पॅच कामावर परतले. ब्रिस्टलमध्ये तंबाखूच्या व्यापारातून गबर झालेल्या विल्स बंधूंनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ विद्यापीठासाठी एक भव्य इमारत बांधायला घेतली होती. १९१५ मध्ये काम सुरू झाले, महायुद्धामुळे मध्येच थांबले आणि युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये पुन्हा चालू झाले. तिचा मनोरा २१५ फूट उंच. या विल्स मेमोरियल इमारतीवर नळकाम करणाऱ्यांत पॅच होते. आघाडीवरून परत आलेल्या माणसाच्या हातात युद्धाने अडवलेले बांधकाम आले, आणि त्याने त्यावर काही वर्षे घालवली. १९२५ मध्ये पंचम जॉर्ज राजाने तिचे उद्घाटन केले, तेव्हा पॅच त्या समारंभाला हजर होते.

पुढे त्यांनी व्यवसायाच्या परीक्षा दिल्या, धंद्यात वर चढले, एका कंपनीची ब्रिस्टलची शाखा सांभाळली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते भरतीच्या वयाच्या थोडेसे पुढे गेले होते. त्यांनी बाथमध्ये अर्धवेळ अग्निशामकाचे काम पत्करले. २५ ते २७ एप्रिल १९४२ या दोन रात्रींत जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले आणि चारशेहून अधिक माणसे मेली. ज्या शहरात ते नळकाम शिकले, त्या शहराच्या जळत्या गल्ल्यांत पॅच पाण्याच्या नळ्या धरून उभे होते. पुढे सॉमरसेटमधल्या स्ट्रीट या गावी त्यांनी स्वतःचा नळकामाचा व्यवसाय चालवला आणि पासष्टाव्या वर्षी निवृत्ती घेतली. डेनिस आणि रॉय हे दोन मुलगे. १९७६ मध्ये एडा गेल्या. पॅच यांनी पुन्हा लग्न केले, ती पत्नीही त्यांच्या आधी गेली. दोन्ही मुलगेही त्यांच्या आधी गेले. दीर्घायुष्याचे कौतुक करणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

इतक्या वर्षांत त्यांनी युद्धाबद्दल एडांना सांगितले नाही, मुलांना सांगितले नाही. पलटणीच्या स्नेहमेळाव्यांना गेले नाहीत. युद्धाचे चित्रपट टाळले. लोक याला विसरणे म्हणतात, किंवा दडपणे. मी एवढेच पाहतो की त्या काळात ते रोज सकाळी कामावर जात होते. ज्याला बोलता येत नाही त्याला काम करता येते, आणि काम नीट असेल तर दिवस निभावतो. आपल्या घरांतल्या कितीतरी अबोल वडीलधाऱ्यांनी हेच केले आहे.

शांतता मोडली ती वयाच्या शंभराव्या वर्षी. वेल्सच्या वृद्धाश्रमात त्यांच्या खोलीच्या दारासमोर चादरी-टॉवेल ठेवण्याचे एक कपाट होते. रात्री कर्मचारी त्याचा दिवा लावत आणि तो लखकन पेटला की झोपेतल्या पॅच यांना तोफगोळा फुटल्याचा भास होई. ऐंशी वर्षांपूर्वीची रात्र त्या दिव्याने खोलीत येत असे. १९९८ मध्ये बीबीसीच्या माणसांनी हयात सैनिकांना शोधून गाठले तेव्हा पॅच पहिल्यांदा बोलले. इतिहासकार रिचर्ड व्हॅन एम्डेन यांनी त्यांच्याशी दीर्घकाळ बोलून त्यांचे आत्मकथन सिद्ध केले आणि ते २००७ मध्ये ‘द लास्ट फायटिंग टॉमी’ या नावाने निघाले. पॅच तेव्हा १०९ वर्षांचे होते. पुस्तकाच्या मिळकतीतून त्यांनी समुद्रातल्या माणसांना वाचवणाऱ्या संस्थेला एक नौका घेऊन दिली.

ते जे बोलले त्यात मला कारागीर ऐकू येतो. तारीख, वेळ, तुकडीत किती जण, कोण काय वाहत होता, तुकडा किती इंचांचा, हे सगळे मोजून. जे पाहिले नाही त्यावर बोलणे नाही. शौर्याची भाषा नाही. युद्ध हा संघटित खून आहे, असे ते म्हणत. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये होणारे सरकारी स्मरणसोहळे त्यांना दिखाऊ वाटत. त्यांचा स्मरणदिन २२ सप्टेंबर होता. त्या दिवशी ते एकटेच असत, तिघांसोबत. फ्रान्सने दिलेले ‘लेजियों दॉनर’ हे पदक ते छातीवर लावत ते त्या तिघांचे म्हणून. वरून चकचकीत आणि आत पोकळ सांधा त्यांनी कामात चालवून घेतला नव्हता, आठवणीतही चालवून घेतला नाही.

२००४ मध्ये ते फ्लँडर्सला गेले आणि शार्ल कुएंट्झ या १०७ वर्षांच्या माणसाला भेटले. कुएंट्झ अल्सासचे, १९१७ मध्ये अल्सास जर्मनीकडे होते म्हणून ते जर्मन तोफखान्यात होते आणि त्याच लढाईत समोरच्या बाजूला होते. अल्सास नंतर फ्रान्सकडे गेले, त्यामुळे भेटीच्या वेळी ते फ्रेंच नागरिक होते. कुएंट्झ यांनी अल्सासच्या बिस्किटांचा डबा आणला होता, पॅच यांनी सॉमरसेटच्या सायडरची बाटली. दोघांनी एकमेकांना आपापल्या गावचे दिले. त्या भेटीवर सेनापतींच्या आठवणींचे खंड ओवाळून टाकावेत. पुढे २००७ मध्ये, लढाईच्या नव्वदाव्या वर्षी, ते पुन्हा तिकडे गेले आणि दोन्ही बाजूंच्या मृतांना त्यांनी अभिवादन केले. २००८ मध्ये स्टेनबेकच्या काठी, बटालियनने ओढा ओलांडला त्या जागी, त्यांनी आपल्या बटालियनचा स्मृतिशिलालेख उभारला.

राजकवीने त्यांच्यावर कविता लिहिली, तिला संगीत लागले, गाणी झाली, सन्मान झाले. ते सगळे पुस्तकात ओघाने येईल. एक सन्मान मात्र वेगळा काढून सांगतो. डिसेंबर २००५ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने पॅच यांना मानद एम.ए. पदवी दिली. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाला ज्या विद्यापीठाने पदवी दिली, त्याच्या इमारतीत त्याने स्वतः नळ घातले होते. फेब्रुवारी २००८ मध्ये विल्स मनोऱ्याची साफसफाई आणि दुरुस्ती पुरी झाली, तेव्हा तो पुन्हा खुला करण्याचा मानही त्यांना मिळाला. तिथे त्यांना शिपाई म्हणून बोलावले नव्हते, बांधणाऱ्यांपैकी एक म्हणून बोलावले होते. त्यांच्या वाट्याला आलेल्या सगळ्या सन्मानांत हा मला सर्वांत योग्य वाटतो.

त्यांचा अंत्यविधी ६ ऑगस्ट २००९ रोजी वेल्सच्या कॅथीड्रलमध्ये झाला. शवपेटी ब्रिटिश सैनिकांनी खांद्यावर घेतली आणि तिच्यासोबत बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी या तिन्ही देशांचे दोन-दोन सैनिक चालले. पॅच यांच्या इच्छेनुसार कुणाच्याही हातात शस्त्र नव्हते, समारंभापुरतेही नाही. मंक्टन कूमच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ, त्यांना पुरले.

आता मराठीत हे पुस्तक कशासाठी, याचे उत्तर देतो. आपला या युद्धाशी संबंध दूरचा नाही. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल या गावात घराघरातून झालेल्या लढाईत ४७ व्या शीख पलटणीच्या जोडीने खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या उतरल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. सॅपर म्हणजे शिपाई आणि कारागीर एकाच अंगात. पूल बांधणे, खंदक खणणे, तारा ओढणे, सुरुंग लावणे हे त्याचे काम. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १०३, ११० आणि ११७ या पलटणींनी कूत अल अमाराचा वेढा सोसला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाल्यावर त्यांचे शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने या युद्धात ४६ माणसे गमावली. त्या गावाला लोक आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. सातारा, पुणे, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत चावडीशी, शाळेशी किंवा देवळाशी एक संगमरवरी पाटी भिंतीत बसवलेली दिसते. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिच्यावर इंग्रजीत मजकूर. आकडे आहेत, नावे नाहीत.

भारतीय शिपायांच्या पत्रांचे उतारे सेन्सॉरच्या दप्तरात इंग्रजी भाषांतरात उरले, त्यामुळे आघाडीवर त्यांना काय वाटत होते याची थोडी कल्पना आपल्याला येते. पण जे परत आले त्यांचे पुढे काय झाले? त्यांच्यात सुतार होते, लोहार होते, गवंडी होते, शेतकरी होते. परत येऊन त्यांनी वाकस धरला, भाता चालवला, नांगर धरला आणि पुढची तीस-चाळीस वर्षे गावाची घरे बांधली, अवजारे केली, पोरांना काम शिकवले. पाटीवरचा आकडा हे काही सांगत नाही. पॅच यांच्यासारखेच तेही घरात गप्प बसले. फरक एवढाच की त्यांच्या दारात शंभराव्या वर्षी कोणी वही घेऊन आले नाही, आणि बहुतेकांना शंभर वर्षे लाभलीही नाहीत.

त्यांच्यासाठी आता काही करता येणार नाही. पण १९६२, १९६५ आणि १९७१ या लढाया लढलेले शिपाई अजून आपल्यात आहेत. १९७१ चे तरुण आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत, १९६२ चे ऐंशीच्या पुढे. सैन्यातून सुटल्यावर त्यांच्यातले कितीतरी जण एस.टी.त मेकॅनिक झाले, साखर कारखान्यात फिटर झाले, वीज मंडळात तारा ओढू लागले, गावात वेल्डिंगचे दुकान टाकले. पंधरा ऑगस्टला आपण त्यांना शाल देतो, दोन मिनिटे लढाईबद्दल विचारतो, ते दोन वाक्ये बोलतात आणि कार्यक्रम उरकतो. त्यांच्या कामाबद्दल कोणी विचारत नाही.

या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे दगडाच्या गावावर आणि शिशाच्या कामावर आहेत. लढाईची घाई असलेल्या वाचकाने ती कृपया गाळू नयेत. आणि तुमच्या घरात, वाडीत किंवा आळीत असा एखादा माजी सैनिक असेल तर त्यांच्याजवळ बसा. लढाईपासून सुरुवात करू नका. काका, तुम्ही काम कुणाकडून शिकलात, पहिले हत्यार कोणते घेतले, अवघड काम कोणते होते, हे विचारा. त्यांना सांगावेसे वाटले तर लढाईचे ते आपणहून सांगतील. नाही वाटले तर आग्रह करू नका. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, त्यांचे पूर्ण नाव लिहा, गाव लिहा आणि खाली तारीख घाला.